लाइन गेली

मे महिन्यातली दुपार. पुण्याची भाची सुट्टीत आली होती. जेवणं झाली, सगळे कूलरसमोर आडवे झाले आणि कूलरचा आवाज एकदम थांबला. आतून आई म्हणाली, "गेली वाटते लाइन."

भाची उठून बसली. "मामा, कोणती लाइन?"

पुण्यात लाइट जातात, तेही अनेकवचनात. आमच्या नागपुरात लाइन जाते, एकटीच, आणि आली की गल्लीभर पोरं ओरडतात, "आली रे लाइन!" त्या दिवशी पाऊण तासानं तसा गलका झाला तेव्हा ही पोरगी खिडकीशी जाऊन खाली कुठे माणसांची लाइन दिसते का ते बघत होती. मग तिनं माझी उलटतपासणी घेतली. तुमच्याकडे लाइन म्हणजे वीज? हो. मग रांगेला काय म्हणता? लाइन. रेल्वेच्या रुळांना? लाइन. मग कोणती ते कळतं कसं?

मी म्हटलं, "कळते." उत्तर चुकीचं नव्हतं, पण तिचं समाधान झालं नाही आणि खरं सांगायचं तर माझंही नाही. मी नागपूरच्या महाल भागात डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवायचं, आणि प्रूफं तपासायचं काम करतो. दिवसभर ओळीच बघतो. लग्नपत्रिकेत एक ओळ वाढली की गिऱ्हाइकाशी भांडण, एक कमी पडली की मामेकुळाचं नाव राहतं. तरी हा शब्द मी कधी हातात घेऊन पाहिला नव्हता. त्या रात्री घेतला.

एकट्या नागपुरात किती लाइनी आहेत बघा. सिव्हिल लाइन्स आहे, पोलीस लाइन टाकळी आहे. मेट्रोच्या दोन, ऑरेंज आणि अ‍ॅक्वा, सीताबर्डीला एकमेकींना भेटतात. इतवारीहून नागभीडला जाणारी नॅरोगेज गाडी २०१९ साली बंद झाली, तिला जुनी माणसं अजून 'छोटी लाइन'च म्हणतात. मी कॉलेजात असताना सकाळी पेपरची लाइन टाकायचो. आमच्याच वर्गातला एक जण त्याच वेळी दुसऱ्या कुणावर लाइन मारायचा आणि मार खाऊन लाइनीवर आला. लग्न जमवताना पाहुणे विचारतात, "मुलगा कोणत्या लाइनमध्ये आहे?" जामठ्याच्या स्टेडियमवर मॅच असली की पानठेल्यावरचा प्रत्येक माणूस बॉलरची लाइन आणि लेंथ सांगतो. आणि खांबावर चढतो तो लाइनमन. वीज खात्यानं त्याला 'जनमित्र' असं गोंडस नाव दिलंय, पण लाइन गेल्यावर जनमित्राला बोलवा म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

सिव्हिल लाइन्सचं नाव तर मला लहानपणापासून कोड्यात टाकायचं. विधानभवनाकडे जाताना दिसतात ते ऐसपैस आवाराचे बंगले, कशाचीच लाइन नाही. नाव आलं छावणीतून. इंग्रजांच्या छावणीत शिपायांच्या राहुट्या, पुढे बराकी, एका ओळीत असत, म्हणून शिपायांच्या वस्तीला लाइन्स म्हणायचे. मग मुलकी साहेबांची वस्ती ती सिव्हिल लाइन्स. बंगले ओळीत असोत की नसोत. पोलिसांच्या चाळी खरोखर ओळीत असतात, म्हणजे नावाला जागली ती पोलीस लाइन.

आता मला खरा धक्का बसला तो पुढेच. इंग्रजीतला हा शब्द लॅटिनमधल्या 'लिनेआ'वरून आलाय. लिनेआ म्हणजे धागा, दोरा. आणि तो दोरा 'लिनम'चा. लिनम म्हणजे काय? जवस! आपलं जवस, अळशी. काळ्या जमिनीत रब्बीला निळ्या फुलांनी डोलतं ते. त्या झाडाच्या खोडातून धागा निघतो, त्याचं कापड ते लिनन. कपड्याला आतून लिनन लावायचे म्हणून अस्तराला इंग्रजीत लायनिंग. जवसाच्या तेलापासून केलेली फरशीवर अंथरायची लिनोलियम, तीही याच घरातली. गवंड्यानं ताणून धरलेला दोरा म्हणजे लाइन, दोऱ्यासारखी सरळ ती लाइन, मग त्या सरळपणातून रेघ, रांग, रूळ, तार, धंदा सगळं निघालं.

(आपले गवंडी 'लाइनदोरी' लावतात. म्हणजे दोरीदोरी. गमतीत नाही म्हणत, मला हा शब्द फार आवडतो. परक्या शब्दाला शेजारी उभं राहून आपल्या शब्दानं ओळख करून द्यावी, तसा आहे.)

युरोपात धाग्याकरता लावतात ते जवस उंच, सरळसोट; आपल्या विदर्भात होतं ते बुटकं, फांद्या फुटलेलं, तेलाचं. त्यामुळे आपण त्याचं तेल काढलं आणि चटणी केली, त्यांनी धागा काढला आणि शब्द केला. हे आईला सांगितलं तर तिनं चटणी कुटता कुटता एवढंच विचारलं, "मंग आता हिला लाइनची चटणी म्हणू का?"

पण आपणही काही कमी नव्हतो. आपला धागा कापसाचा. सूत. सूत्र म्हणजे दोरा, आणि त्याच दोऱ्यावरून गणिताचं सूत्र, नाटकाचा सूत्रधार, शाळेच्या गॅदरिंगचं सूत्रसंचालन. सुतारसुद्धा मूळचा सूत्रधारच, लाकडावर दोरी धरून खूण करणारा. म्हणजे त्यांनी जवसाच्या दोऱ्यावरून जे केलं तेच आपण कापसाच्या दोऱ्यावरून केलं होतं. दोन्ही पिकं आमच्याच काळ्या मातीतली. हे समजल्यावर लाइन हा शब्द मला परका वाटेनासा झाला.

आणि तो परका राहिलाही नाहीच. मराठीत आल्याबरोबर त्याला लिंग मिळालं: ती लाइन, त्या लाइनी, लाइनीत, लाइनीवर. इंग्रजीत तर निर्जीव वस्तूंना लिंगाची भानगडच नाही. मग ही बाई झाली कशी? मला वाटतं, आधी घरात कोण होतं ते बघा. ओळ, रेघ, रेषा, रांग, पंगत, दोरी, तार, वाट. सगळ्या बायका. त्यांच्यात येऊन बसली तर ही पुरुष कशी राहील?

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता माझी तक्रार.

या बाई पाहुण्या म्हणून आल्या, त्याला काही हरकत नव्हती. वीज घेऊन आल्या, मेट्रो घेऊन आल्या, स्वतःचा शिधा घेऊन आल्या. पण आता त्यांनी जुन्या बायकांची कामंही घेतली आणि आपण कौतुकानं बघत बसलो. शाळेत एकरेघी, दुरेघी, चाररेघी वही असायची. परवा दुकानात एक आई 'फोर लाइनवाली' मागत होती. कविता शिकवणाऱ्या बाई म्हणतात, "पहिली लाइन वाच." समानार्थी शब्द म्हणून शाळेत आपण ओळ, रेघ, रेषा, रांग एका दमात घोकले, त्यातच घोळ आहे. ते समानार्थी आहेतच कुठे? रेघ हातानं ओढतात, रेषा भूमितीतली किंवा तळहातावरची, ओळ अक्षरांची, रांग उभ्या माणसांची, पंगत बसलेल्यांची. काळ्या दगडावरची रेघ असते, रेषा नसते. दारिद्र्याची रेषा असते, रेघ म्हटलं तर कुणीतरी खडूनं ओढल्यासारखी वाटेल. सातपुड्याची रांग म्हणतो, डोंगर एकामागे एक उभे दिसतात म्हणून. ओळ हा शब्द संस्कृत 'आवली'तून आला, आणि तीच आवली दीपावलीत आहे, रंगावलीत आहे. दिवाळी आणि रांगोळी या ओळीच्या सख्ख्या बहिणी. दिवाळीला दिव्यांची लाइन लावली म्हणताना आपण काय बोलतोय हे एकदा कानानं ऐका.

इंग्रज स्वतः असं करत नाहीत, हे विशेष. त्यांच्याकडे रांगेला क्यू वेगळा, खुर्च्यांची रो वेगळी, कापडावरची स्ट्राइप वेगळी, दोरी कॉर्ड, सुतळी स्ट्रिंग. लाइन त्या सगळ्यांत एक. आपण मात्र एकच किल्ली आणली आणि सगळ्या कुलपांना लावतो.

तिकडेही या शब्दानं वाईट दिवस पाहिलेत. आम्ही छपाईवाले ज्या डेडलाइननं रात्रभर जागतो, ती मूळची तुरुंगातली. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ साली, जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या कैदी छावणीत कुंपणाच्या आत एक बुटका कठडा होता. कैद्यानं तो ओलांडला की पहारेकरी गोळी घालायचा. ती डेड लाइन. 'अंतिम मुदत' या शब्दात तेवढी दहशत नाही, म्हणून असेल, आमच्याकडे तो कुणी वापरत नाही.

मी शुद्धीवाला नाही. कुणी लाइनऐवजी 'विद्युतवाहिनी गेली' म्हटलं तर मी पहिला हसेन. प्रूफात मात्र मी लाइनीवर पेन्सिल फिरवतो. ओळ चालत असेल तिथे ओळ करतो, रांग असेल तिथे रांग. गिऱ्हाइकाला बहुधा कळतही नाही.

एकदा कळलं. गेल्या वर्षी एका मंडळाचा कार्यकर्ता फ्लेक्स करायला आला होता. मजकूर एवढाच: 'महाप्रसादाकरिता लाइन इकडून'. मी 'रांग इकडून' केलं आणि छापून ठेवलं. संध्याकाळी तो परत आला, फ्लेक्स उलगडून उभा. "भाऊ, हे काय करून ठेवलं? रांग म्हटलं का लोकायले रेशनचं दुकान आठवते. प्रसाद आहे नं. लाइन करून द्या."

त्याचं म्हणणं मला अजून खोडता आलेलं नाही. रांग आता फक्त सरकारी पाट्यांवर उरली, म्हणून ती सरकारी वाटते. प्रसादाची, सिनेमाची, गंमतीची सगळी लाइन. मी नवा फ्लेक्स छापून दिला. पैसे त्यानं एकाचेच दिले.