‘मीटर्ड’ केलं म्हणून नेट बंद होत नाही

कोथरूडपासून सिंहगड रोडपर्यंतच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय: ‘विंडोजमध्ये मीटर्ड कनेक्शन चालू करा, डेटा लिमिट टाका, लिमिट संपली की नेट आपोआप बंद.’ यातला शेवटचा भाग चुकीचा आहे. ‘मीटर्ड’ म्हणजे ‘हे नेट मोजून मिळतं, जपून वापर’ असं विंडोजला सांगणारी सेटिंग.

लिमिट टाकता येते, विंडोजच्या सेटिंगमधल्या ‘डेटा युसेज’मध्ये. पण ती संपत आली की विंडोज सूचना देतं, एवढंच. नेट चालूच राहतं. ‘मीटर्ड’मुळे थांबतात त्या पडद्यामागच्या गोष्टी: बहुतेक विंडोज अपडेट्सचं आपोआप होणारं डाउनलोड, वनड्राइव्हचं सिंक वगैरे. मोबाइल हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांनी ‘मीटर्ड’ जरूर चालू करावं. सकाळी लॅपटॉप उघडल्या उघडल्या दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा अपडेट गिळतं, ते तरी वाचेल.

ब्राउझरमध्ये तुम्ही स्वतः लावलेला व्हिडिओ मात्र ‘मीटर्ड’ला जुमानत नाही. नेटफ्लिक्स एचडीत तासाला ३ जीबीपर्यंत खातं. अकाउंटच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये ‘मीडियम’ निवडलं, तर ०.७ जीबीपर्यंत. खरी काटकसर इथे आहे, आणि फॉरवर्डमध्ये नेमकी हीच गोष्ट नाही!

शिवाय विंडोज दाखवतं तो आकडा त्या एकाच कॉम्प्युटरचा. त्याच वायफायवरचा टीव्ही, पोरांचे मोबाइल त्यात धरलेले नसतात. घराचा एकूण वापर इंटरनेट कंपनीच्या ॲपमध्ये बघा. फायबरच्या अनेक ‘अनलिमिटेड’ प्लॅनना महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते. ती ओलांडली की वेग उतरतो, बिल वाढत नाही.