खुलासा: जुन्या कॅल्क्युलेटरमधल्या पांढऱ्या थरावर खायचा सोडा नको

‘सेल फुटून साचलेली पांढरी-हिरवी पूड म्हणजे ॲसिड, त्यावर खायचा सोडा चोळा’ असा सल्ला सध्या फिरतोय. १९७० च्या दशकातल्या बहुतेक रिचार्जेबल कॅल्क्युलेटरांसाठी तो चुकीचा आहे. हेवलेट-पॅकार्ड (एचपी) कंपनीच्या एचपी-३५ (१९७२) किंवा एचपी-२५ (१९७५) या कॅल्क्युलेटरांत निकेल-कॅडमियम सेल असत. त्यांतून पाझरतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली, आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ. अल्कलाइन सेलमध्येही तेच असतं. त्यावर सोडा टाकून काहीच साधत नाही. लागतं सौम्य आम्ल: पांढरं व्हिनेगर. ते कापसाच्या काडीला जेमतेम लावून सेलला टेकणाऱ्या पत्र्याच्या टोकांवरच फिरवा, ओतू नका. मग डिस्टिल्ड पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. व्हिनेगर आत राहिलं तर तेच तांबं खातं. कॅडमियम विषारी आहे, म्हणून हातमोजे हवेतच आणि ते सेल घरच्या कचऱ्यात टाकायचे नाहीत.

सोड्याचा सल्ला पूर्ण निराधार नाही. साध्या जस्त-कार्बन सेलची गळती आम्लधर्मी असते, तिथे तो चालतो. त्यामुळे आधी सेलचा प्रकार बघा.

आणखी एक, कळकळीने: सेल काढलेला एचपी-२५ ‘चालतो का बघू’ म्हणून नुसत्या चार्जरवर लावू नका. त्या मंडलात (सर्किटमध्ये) सेलच व्होल्टेज आवरून धरतो; तो नसेल तर आतल्या चिप जळू शकतात, आणि त्या आता नव्याने बनत नाहीत. थिनर, ॲसिटोन प्लास्टिकला लावू नयेच.