भेदरं, कापूस आणि अंतिम वर्ष

बी.ए.च्या अंतिम वर्षाला असताना एकदाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करावा असे माझ्या मनाने घेतले आणि नेमक्या त्याच आठवड्यात, भाव चढल्याशिवाय एक बोंडही विकायचे नाही असे ठरवून, बाबांनी घरचा सगळा कापूस माझ्या खोलीत आढ्यापर्यंत भरला. खुर्ची-टेबल त्या ढिगात गडप झाले. कापसात बसून वाचले की अंगाला अशी खाज सुटते, की डाव्या हाताने पान उलटावे आणि उजव्याने पाठ गाठावी.

प्रारंभ पोमोडोरोने केला. फ्रान्सेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात, टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले गजराचे घड्याळ लावून, २५ मिनिटे अभ्यास आणि ५ मिनिटे विश्रांती असा शिरस्ता पाडला. त्यांच्याकडे टोमॅटोला पोमोडोरो म्हणतात, आमच्याकडे भेदरं. म्हणून मी मायला बजावले, की मी भेदराच्या पद्धतीने अभ्यास करतो आहे, तेव्हा २५ मिनिटे हाक मारू नको. तिसऱ्याच मिनिटाला ती टोपले घेऊन दारात उभी राहिली. "बाबू, भेदराचाच अभ्यास करून राह्यला, त हे एवढे चिरून दे." सातव्या मिनिटाला शेजारचे काकाजी वजनकाटा मागायला आले आणि माझ्या नोकरीची चौकशी करून, अर्थातच, बसले. नवव्या मिनिटाला वीज गेली.

एरवी मी प्रत्येक धडा चारदा वाचून, त्याखाली रेघा ओढून, तो आला असे समजत असे. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले, की ५ मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे असतात. मात्र आठवड्यानंतर घेतली तर पुस्तक मिटून आठवून पाहणारेच सरस ठरतात. पुस्तक मिटण्याचा निग्रह माझ्यापाशी नव्हता. तो भारनियमनाने पुरवला. अंधारात कापसावर पडून, वाचलेले मोठ्याने सांगण्यावाचून दुसरा उद्योगच उरला नाही. दुसऱ्या दिवशी तेच, मग तीन दिवसांनी तेच. जे अडे ते वीज आल्यावर पाहायचे.

श्रोते म्हणून ओसरीवर बाबा होते. एका रात्री मी पुरवठ्याचा नियम म्हणत होतो : इतर परिस्थिती कायम असताना किंमत वाढली की पुरवठा वाढतो.

"आन् कापूस घरात आला की भाव पडते, थे कोन्त्या पानावर हाय?" अंधारातून प्रश्न आला.

उत्तर मला येत नव्हते. वीज आल्यावर आधी तेच पान काढले. हिवाळी परीक्षेत नेमका त्यावरच प्रश्न आला, तेव्हा सगळ्यांचा माल एकदमच बाजारात आल्यावर काय होते ते मी आमच्या खोलीसकट, पाठ खाजवत, अडीच पाने लिहिले. निकाल लागला, मी पास झालो. कापूस अजून खोलीतच आहे.