बहिणीवर लक्ष असू द्या

जुलै २०२४ पासून 'लाडकी बहीण' योजनेत राज्यातल्या पात्र बायकांना दरमहा १५०० रुपये मिळू लागले आणि तुमच्यावर एक जबाबदारी येऊन पडली. वय २१ ते ६५, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत, दारात चारचाकी नको (ट्रॅक्टर चालतो), हे झाले सरकारी निकष. खरी छाननी तुमच्या मोरीपाशी व्हायची आहे.

सुरुवात नखांपासून करा. धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींनी नेलपॉलिश लावलेलं दिसलं, की "मजा आहे बाई लाडक्या बहिणींची!" एवढंच म्हणा. हसत म्हणा, नाहीतर टोमणा वाटेल. हातात नवा मोबाइल असेल तर किंमत विचारा. हप्त्यावर घेतलाय म्हणाल्या, तर "अंथरूण पाहून पाय पसरावेत" हे ऐकवा. तुमचाही हप्त्यावरच आहे, पण तुमच्या हप्त्याला ईएमआय म्हणतात.

पगार वाढवून मागितला तर घाबरू नका. "आता सरकार देतंय ना!" हे वाक्य पाठच करून ठेवा. दिवसाला ५० रुपये सरकारनं द्यायचे आणि वाचवायचे तुम्ही, इतकी सोयीची योजना पुन्हा होणे नाही.

मग रेशन. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर महिन्याला माणशी ५ किलो धान्य फुकट. फक्त यंत्रावर अंगठा उमटायला हवा. मावशींचा उमटत नाही. पुसून लावला, दुसरं बोट लावलं, तरी नाही. दुकानदार म्हणाला, उद्या या. इतकी वर्षं तुमच्या कढया घासल्यावर बोटांना रेषा राहतील कुठून? पण असले विचार मनात आणू नका, नजर ढळते. त्या दोन तास उशिरा आल्या एवढं टिपा आणि खाडा मांडा.

शब्दांचा घोळ मात्र करू नका. त्यांचे १५०० ही खैरात. घरकर्जाच्या व्याजावर तुम्हाला मिळते ती वजावट. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य झाला, तो मध्यमवर्गाला दिलासा. एसटीचं अर्धं तिकीट जरा अडचणीचं आहे, कारण ते काढून तुम्हीही माहेरी जाता. तेव्हा त्याबद्दल बोलूच नये. सासूबाईंची पंच्याहत्तरी उलटल्यामुळे त्यांना तिकीटच नाही. तो ज्येष्ठांचा मान.

एखाद दिवशी मावशी मोबाइल पुढे करतील, "ताई, तेवढं केवायसी करून द्या ना, ओटीपी येईना." जरूर करून द्या. करता करता सहज विचारा, मागच्या पैशांचं काय केलंत? साडी किंवा भिशी ऐकायची तयारी ठेवा. पोराच्या क्लासची फी भरली म्हणाल्या, तर क्लास कुठला तेही विचारून घ्या. तुमच्या चिरंजीवांचाच निघाला, तर प्रकरण साधं नाही. क्लासवाल्या सरांना फोन करून बॅच तरी वेगळी आहे ना, याची खात्री करून घ्या.