हस्कीचा वाद नंतर, आधी बादली

उन्हाळा लागला की मायदेशात, भारतात, एक वाद हटकून पेटतो: इतक्या उष्ण हवेत हस्की, म्हणजे थंड प्रदेशातला दाट केसांचा कुत्रा, पाळावाच का? एक बाजू म्हणते, हा छळ आहे. दुसरी म्हणते, आमच्याकडे एसी आहे. इथे ब्रिटनमध्ये उन्हाळी भांडण वेगळं. बंद गाडीत कुत्रा दिसला तर काच फोडावी की नाही? दोन्हीकडची कळकळ खरी आहे, पण रोजचा धोका दोन्ही वादांत बाजूलाच पडतो.

गाडी धोकादायक आहेच. बाहेर २२ अंश असले तरी उन्हातल्या बंद गाडीत तासाभरात तापमान आणखी सुमारे २२ अंशांनी चढतं, त्यातलं बरंचसं पहिल्या अर्ध्या तासात. काच बोटभर खाली ठेवून काही साधत नाही. तरीही ब्रिटनमधल्या पशुवैद्यकीय नोंदींच्या २०२०च्या अभ्यासात उष्णतेने आजारी पडलेल्या कुत्र्यांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश कुत्री पळण्या-फिरण्याने आजारी पडलेली दिसली. गाडीमुळे, पाच टक्क्यांच्या आसपास.

म्हणजे 'एसी आहे' हे उत्तर अपुरंच. एसीत दिवस काढलेला कुत्रा संध्याकाळी तापलेल्या जमिनीवर चेंडूमागे धावतो, आणि चेंडूवेडा कुत्रा स्वतःहून थांबत नाही. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवा. चटका बसला तर पंजेही पोळणार. फिरवायचं ते पहाटे. तोंड आवळणारी कापडी जाळी तर उन्हात नकोच, कारण कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच थंड होतो. जिभेवरचं पाणी उडून जातं तेव्हा उष्णता जाते. हवा दमट असेल तर ते उडत नाही, म्हणून नुसता पारा पाहून चालत नाही.

जातीच्या वादात टीकाकारांची बाजू मला पटते, फक्त बोट चुकीच्या कुत्र्याकडे आहे. हस्कीला सगळे बोलतात आणि चपट्या नाकाचा पग, फ्रेंच बुलडॉग सुटतो. त्याची श्वासाची वाटच अरुंद; धाप टाकण्याच्या श्रमानेच तो आणखी तापतो. आणि हस्कीला भादरू नका. वरचे केस ऊन अडवतात. आतली गळणारी लोकर विंचरून काढली की पुरे.

उष्माघाताची लक्षणं जिभेवर दिसतात. ती लांब, टोकाशी फावड्यासारखी रुंद होते, लाळ तार धरते, हिरड्या विटकरी लाल. मग मागचे पाय लटपटतात, उलटी होते. इथे हमखास चूक होते ती म्हणजे कुत्रा तसाच तापलेला गाडीत घालून दवाखाना गाठणं. आधी गार करा, मग न्या. सावलीत घेऊन पाठ, पोट, जांघांवर बादलीने पाणी ओता, पंखा लावा. नळाचं पाणी चालतं, ते कुत्र्याच्या अंगापेक्षा गार असलं की झालं. 'बर्फाळ पाण्याने रक्तवाहिन्या आकसतात, उष्णता आत कोंडते' ही भीती दोन्ही देशांत ऐकू येते. तिच्यापायी गार करणं लांबवू नका. तरुण, निरोगी कुत्र्याला डोकं वर धरून टबात बसवता येतं; म्हाताऱ्या किंवा आजारी कुत्र्यावर पाणी ओतून वारा घाला. ओला टॉवेल टाकून तसाच ठेवला तर तो मात्र थोड्याच वेळात तापून गोधडी होतो.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश. गुदद्वारात थर्मामीटर ठेवून मोजा आणि ३९.५ला गार करणं थांबवा, कारण पारा पुढेही घसरत राहतो. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नका. पॅरासिटामॉलही नको: हा ताप नव्हे, आणि ते औषध कुत्र्याला विषारी ठरू शकतं. कुत्रा उठून शेपूट हलवायला लागला तरी दवाखान्यात न्याच. मूत्रपिंडांची किंवा रक्त गोठण्याची गडबड पुढच्या एक ते तीन दिवसांत उघड होते आणि ती रक्ताच्या तपासणीतच आधी दिसते.