सून बारीक, मग शुगर कशी?

काकू, नमस्कार.

गरोदर बाईचं वजन, तिची शुगर आणि बाळाचा आकार यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत त्याला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसणार नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: काकूंची सून 49 किलोची, अंगाने बारीक. सहाव्या महिन्यात ग्लुकोजचं पाणी पाजून तपासलं तर शुगर 152. एका डॉक्टरांनी मधुमेह सांगितला, दुसऱ्यांनी "काही नाही, जावा घरी" म्हणून पाठवलं. काकूंचं म्हणणं असं की एवढं ग्लुकोज प्यायल्यावर कुणाचीही शुगर चढेल. त्यांच्या माहेरी 4-4 किलोची बाळं घरातच जन्मली. कालपर्यंत बाळ लहान म्हणून ओरड होती, आज मोठं म्हणून, तेव्हा एकदा काय ते ठरवा. आणि माझ्यासारख्या बाया "डाएटच्या नादात पोरींना उपाशी मारायला निघाल्यात".

उपाशी मारण्याचं आधी घेते, कारण ते लागलं. गरोदरपणात वजन उतरवा असं मी कुणालाही सांगत नाही. तुमच्या सुनेचं वजन वाढायलाच हवं. पण दोन जिवांची आहे म्हणून दुप्पट खायचं, हा हिशेब कुठेच बसत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे गरोदर बाईला रोज वरचे 350 कॅलरी पुरतात. म्हणजे एक भाकरी आणि वाटीभर उसळ. तेवढं दोन मोठ्या डिंकाच्या लाडवांतही सहज होतं, आणि हे लाडू खरं तर बाळंतिणीचे. हल्ली ते डोहाळजेवणाच्या आधीच सुरू होतात.

आता 75 ग्रॅम ग्लुकोज. ते प्यायल्यावर शुगर वाढणारच, चाचणी त्यासाठीच आहे. बघायचं असतं ते दोन तासांनी ती किती खाली आली. निम्मे महिने उलटले की वारेतून निघणारी संप्रेरकं आईच्या इन्सुलिनचा जोर कमी करतात, म्हणजे बाळाला साखर मिळत राहते. निसर्गाचीच योजना आहे ती. बहुतेक बायकांचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन काढून हे सावरून नेतं, काहींचं कमी पडतं. सरकारी दवाखान्यांत वापरतात त्या पद्धतीत बाई जेवून आली असो की उपाशी, दोन तासांनी 140 किंवा वर आलं की गरोदरपणातला मधुमेह धरतात. दुसरी पद्धत 2010 ची, आंतरराष्ट्रीय. तिच्यात उपाशीपोटी चाचणी होते आणि दोन तासांची रेघ 153 वर आहे. सूनबाईंचं 152! तुमचे दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

मग खरं काय? 2008 साली हापो नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. नऊ देशांतल्या 23,000 हून जास्त गरोदर बायका त्यात होत्या. आईची शुगर जशी वाढत जाते तसं बाळ मोठं होण्याचं आणि बाळाच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिन जास्त असण्याचं प्रमाण वाढत जातं, असं त्यात दिसलं. अमुक आकड्याखाली सगळं छान आणि त्याच्या वर संकट, अशी जागाच सापडली नाही. आपल्या कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट आहे, म्हणून 42 फुटांना कुणी जनावरं गोठ्यातच बांधून ठेवतं का? 152 ला घाबरू नका, पण "काही नाही" असंही समजू नका.

4 किलोच्या बाळांबद्दल. उंच, धडधाकट बाईचं बाळ 4 किलोचं असेल आणि तिची शुगर नीट असेल, तर माझी काही तक्रार नाही. शुगरमुळे मोठं झालेल्या बाळाची गोष्ट वेगळी. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन जात नाही. त्यामुळे बाळाला स्वतःचं इन्सुलिन काढावं लागतं. डेन्मार्कच्या पेडरसन यांनी हे 1950 च्या दशकातच मांडलं होतं. हे जादा इन्सुलिन बाळाच्या अंगावर चरबी चढवतं, पोट आणि खांदे रुंद करतं. डोकं त्या मानाने वाढत नाही. म्हणून कधीकधी डोकं बाहेर येतं आणि खांदा अडकतो. त्या दोन-चार मिनिटांत काय होऊ शकतं ते बाळंतपणं केलेल्या कुठल्याही सिस्टरला विचारा. नाळ कापली की आईकडची साखर बंद होते, पण बाळाचं इन्सुलिन लगेच थांबत नाही. म्हणून असं गुटगुटीत बाळ जन्मल्यावर काही तासांतच त्याची शुगर घसरू शकते. टाचेतून रक्त काढून तपासतात आणि पहिल्या तासातच अंगावर पाजायला सांगतात ते त्यासाठी. माहेरच्या त्या बाळांची शुगर तेव्हा कुणी मोजली नव्हती, त्यामुळे ती कोणत्या प्रकारची होती हे आता सांगता येणार नाही.

आणि "एकदा काय ते ठरवा" याबद्दल. इथे मला तुमच्याशी मनापासून भांडायचंय. लहान बाळ आणि शुगर ही दोन वेगळी दुखणी आहेत असं आपण धरून चालतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. शेतात राबणाऱ्या, सरासरी 42 किलोच्या आसपासच्या बायका. त्यांची बाळं साधारण 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोट लहान, पण पाठीवरची चरबी जवळजवळ त्या गोऱ्या बाळांइतकी! काटा लहान बाळ दाखवतो आणि चरबी मात्र जागेवर असते. अशी मुलगी मोठी होते, बारीकच राहते, आणि पुढे गरोदर राहिली की तिची शुगर चढू शकते. बारीक सुनेला शुगर कशी, या तुमच्या प्रश्नाचं मला पटणारं उत्तर हे आहे. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, 23 पासूनच जास्त धरतात, 25 पासून नाही. दीड मीटर उंचीच्या बाईला ते 52 किलोला लागू होतं, आणि 52 किलोच्या बाईला आपल्या गल्लीत कुणी जाड म्हणत नाही.

जाड आईचं वजन शुगर नीट असतानाही बाळाचा आकार वाढवतं, हेही खरं. पण ते वजन गरोदर राहण्याआधी बघायचं. काट्यावर उभं करून चारचौघांत बाईला बोलणारे दवाखाने मी पाहिलेत, त्याबद्दल तुमचा राग अगदी रास्त आहे.

उपचार म्हणजे पैसे काढायचा धंदा, असंही तुम्ही सुचवलंत. ऑस्ट्रेलियातल्या 1,000 बायकांवरच्या, 2005 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उपचार घेतलेल्यांत 4 किलोच्या वरची बाळं 10 टक्के होती, नेहमीसारखीच देखभाल झालेल्यांत 21 टक्के. बाळाला गंभीर इजा किंवा मृत्यू 4 टक्क्यांवरून 1 टक्क्यावर आला. बहुतेकींना औषधही लागत नाही. ताट बदललं आणि जेवणानंतर चाललं की भागतं.

सूनबाईंच्या ताटात भात निम्मा, उसळ आणि पालेभाजी दुप्पट. मटण चालेल, सोबतचा भात मोजून. दूध चालेल, त्यात साखर नको. गूळ नैसर्गिक म्हणून चालतो हे कोल्हापुरात राहून नाकारणं अवघड, पण गूळ म्हणजे बहुतांशी साखरच आणि रक्तात ती तशीच वागते. उपासाच्या साबुदाण्यानेही शुगर झपाट्याने चढते. दोन आठवड्यांनी जेवणानंतर दोन तासांची शुगर तपासा. 120 च्या आत असेल तर असंच चालू द्या, नसेल तर डॉक्टर गोळी किंवा इन्सुलिन सुचवतील, तेव्हा "इन्सुलिन नको" म्हणून अडून बसू नका.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी हीच 75 ग्रॅमची चाचणी उपाशीपोटी पुन्हा करायची असते. बारशाच्या आणि पाहुण्यांच्या गडबडीत ती हमखास राहून जाते, आणि अशा बायकांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. सून तेव्हा रात्रभर जागी असेल. तेव्हा ती तारीख तुम्ही कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि त्या सकाळी बाळाला दोन-तीन तास सांभाळायचं कामही तुमच्याचकडे.