कपभर गरम पाण्यावर घर चालत नाही

गरम पाण्याच्या कपावर गरगर फिरणाऱ्या स्टर्लिंग इंजिनाचा (आत कोंडलेला वायू आलटून पालटून तापवून-थंड करून चालणारं इंजिन) व्हिडिओ पुन्हा फिरतो आहे. सोबतचा दावा असा: कार्यक्षमता जवळपास शंभर टक्के, दोन डबे जोडून असं इंजिन केलं की घरापुरती वीज, आणि तेल कंपन्यांनी हा शोध दडपला. इंजिन खरंच फिरतं, पण दावा टिकत नाही.

आधी कार्यक्षमता. पाणी 90 अंश, खोली 30 अंश. केल्विनमध्ये 363 आणि 303. कार्नोची मर्यादा, म्हणजे या दोन तापमानांत कुठल्याही इंजिनाला गाठता येईल अशी कमाल कार्यक्षमता: 60 भागिले 363, म्हणजे 16.5 टक्के. तीही पाणी 90 अंशांवर टिकलं तरच, आणि कप तर निवत जातो. 200 मिली पाणी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत सुमारे 14 वॅट-तास उष्णता सोडतं. त्यातून आदर्श इंजिनही जेमतेम 1.2 वॅट-तास काम काढेल. मोबाइलच्या 4000 एमएएच बॅटरीत 15 वॅट-तास मावतात!

घरापुरती वीज? स्टर्लिंग इंजिनाच्या ताकदीचा अंदाज देणारा बीलचा ठोकताळा लावा: वॅट = 0.015 × सरासरी दाब (बार) × सेकंदाला फेरे × पिस्टनचं विस्थापन (घनसेंमी). हा ठोकताळा इंजिनाचं गरम टोक साडेसहाशे अंशांच्या आसपास असतानाचा. साध्या हवेच्या दाबाला, सेकंदाला 10 फेऱ्यांत, एक किलोवॅटसाठी पावणेसात लिटरचा पिस्टन लागतो. दाब 50 बार आणि 25 फेरे केले तर 53 घनसेंमी पुरतात. पण मग खरी डोकेदुखी सुरू होते: अशा इंजिनात हवेऐवजी भरलेला हेलियम सीलमधून (वायू अडवणाऱ्या बंदिस्तीतून) गळतो, हायड्रोजन भरला तर तो तापलेल्या पोलादातूनही झिरपतो. डिझेल इंजिनाची बरीच उष्णता धुरासोबत जाते; इथे वायूनं टाकलेली सगळी उष्णता कूलरलाच काढावी लागते, म्हणून रेडिएटर मोठा.

दडपलं म्हणावं, तर पेटंट 1816 चं आहे आणि स्वीडनच्या गॉटलंड वर्गाच्या पाणबुड्या पाण्याखाली 75 किलोवॅटच्या दोन स्टर्लिंग इंजिनांवर चालतात. मागे पडलं ते किमतीमुळे आणि सीलमुळे.

डब्यांचं इंजिन जरूर करा, शिकण्यासाठी त्यासारखं काही नाही. थंड असताना फ्लायव्हील (इंजिनाचं जड चाक) हातानं फिरवा. हवेच्या उशीसारखा उलटा दाब जाणवला पाहिजे. नाही जाणवला तर सांधे साबणाच्या पाण्यानं तपासा. डिस्प्लेसर (आतली हवा गरम आणि थंड टोकांत ढकलणारा भाग) कडेला घासू देऊ नका आणि तो फिरण्यात पिस्टनच्या 90 अंश, म्हणजे पाव फेरा, पुढे ठेवा. ग्रॅफाइटच्या पिस्टनला तेल नको: एवढ्याशा इंजिनाची सगळी ताकद त्या चिकटपणातच संपते.